बोटातलं चुंबक

“ऑप्टिक न्युरायटिस आहे,” डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला आलेली सूज. उजवा डोळा झाकला की डाव्यानं समोरचा अक्षरांचा तक्ता धुक्यात गेल्यासारखा दिसत होता. डोळा फिरवला की खोबणीत दुखायचं. डॉक्टरांनी लाल झाकणाची बाटली समोर धरली, ती मला विटक्या गुलाबी रंगाची वाटली.

नुसती सूज आहे की नसेवर कशाचा दाब पडतोय, हे पाहायला त्यांनी एमआरआय लिहून दिला. आजच करा म्हणाले.

मी मूळची कन्नड गावची. लग्नानंतर शहागंजात राहते आणि अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. माझ्या डाव्या अनामिकेच्या टोकात तांदळाच्या दाण्याएवढं चुंबक बसवलेलं होतं. डॉक्टर असलं काही करत नाहीत. मी ते पुण्यात, कान-नाक टोचणाऱ्या एका स्टुडिओत हौसेनं बसवून घेतलं होतं. जखम भरल्यावर चालू मिक्सरजवळ बोट नेलं की आत मुंगी फिरल्यासारखं व्हायचं. इम्रानचं, माझ्या नवऱ्याचं, विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. तिथं डोळे मिटून कुठली मोटार चालू आहे ते मी सांगायची. ते वेड लागण्याजोगंच होतं.

एमआरआय म्हणजे माणसाला भल्यामोठ्या चुंबकाच्या आत झोपवून काढलेलं चित्र. हे मी वर्गात शिकवते. तरीही बाहेर बाकावर बसल्यावर मनात आलं, एवढ्याशा दाण्यानं काय होतंय? नाही सांगितलं तर? इम्रानला माझा चेहरा वाचता येतो. तो हळूच म्हणाला, “सच्ची बोल दे. छुपाया तो वो मशीन छुपाने नै देगी.”

तंत्रज्ञ बाईंनी अंगात धातूचं काही आहे का विचारलं, तेव्हा मी बोट पुढं केलं. त्यांनी आधी मागचं, यंत्राच्या खोलीचं दार लावून घेतलं. “मॅडम, हे घेऊन आत गेलात तर बोट आतून फाटू शकतं. शिवाय चित्र बिघडेल ते वेगळंच.” माझा नंबर त्यांनी पुढच्या माणसाला दिला.

डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. सीटी स्कॅननं भागेल का विचारलं, तर या नसेसाठी तो पुरत नाही म्हणाले. चुंबक काढूनच या.

ती संध्याकाळ मला एका जागी बसवेना. एकदा हा डोळा झाकायचा, एकदा तो. घड्याळाचे काटे डाव्या डोळ्याला सकाळी दिसत होते, आता दिसेनात. मी उठून फ्रिजच्या मागं बोट धरून उभी राहिली. मुंगी होती. तिचा आधार वाटला आणि स्वतःचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी हाताचे सर्जन भेटले. त्यांनी एक्स-रे काढला आणि मला बोलावून दाखवला. चुंबकाचं आवरण फुटलं होतं, आत दोन तुकडे होते. बोट बधिर करून चीर दिली. पहिला तुकडा टचकन चिमट्याला चिकटला. दुसरा मांसात रुतला होता, लवकर सापडेना. मी छताकडं बघत राहिली. उजवा डोळा मिटला की वरचा दिवा नुसता राखाडी डाग दिसत होता. हात स्थिर ठेवा, असं सर्जननी दोनदा बजावलं. बोट आणि डोळा, दोन्ही एकदम जातायत की काय, असं वाटलं.

सापडला. पुन्हा एक्स-रे काढून काही राहिलं नाही याची खात्री केली आणि त्याच दुपारी पट्टी बांधलेल्या हातानं मी एमआरआयच्या बोगद्यात गेली.

दाब नव्हता. नसेला सूज होती आणि मेंदूत एक बारीक पांढरा ठिपका, तशाच सुजेची खूण. “हे पुन्हा होऊ शकतं, कदाचित कधीच होणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “अधूनमधून एमआरआय करून नजर ठेवू.” मग स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं जोरदार औषध, सलाईनमधून सुरू झालं. त्यानं तोंडाला कडू चव येते आणि झोप उडते. मी सलाईनचा स्टँड ढकलत वॉर्डात येरझारा घालायची. अम्मी कन्नडहून एसटीनं आली. ती माझ्यामागं फिरून दमायची, पण मला खाली बस म्हणायची नाही.

नजर हळूहळू परतली. लाल रंग अजून थोडा फिका आहे. बोटाचं टोक बधिर आहे.

तुमच्यापैकी कुणी अंगात असलं काही बसवलं असेल, तर ते घरच्यांना माहीत असू द्या. तुम्हाला बोलता येणार नाही अशी वेळही येऊ शकते. माझ्या वेळी निदान मला बोलता येत होतं. त्या तंत्रज्ञ बाईंची, सर्जनची आणि इम्रानची मी ऋणी आहे.

कॉलेजात परतल्यावर सदफ नावाच्या विद्यार्थिनीनं विचारलं, “मॅडम, परत बसवणार का?”

खोटं बोलावंसं वाटलं नाही. “मन लई होतं,” मी म्हटलं. “पण नाय बसवणार. त्या यंत्रात मला पुन्हा पुन्हा जायचंय.”

मग फळ्याकडं वळून चुंबकाभोवतीच्या रेषा काढल्या आणि शेवटच्या बाकावर दिसतात का विचारलं. दिसतात, मुली म्हणाल्या. उजवा डोळा झाकून मी पाहिलं. मलाही दिसत होत्या.