क्योदात्सु

बाबा गेले तेव्हा मी नागोयात होते. विमान पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं. अंत्यविधी फोनवर पाहिला. रडू आलंच नाही. पुढचे दिवस नुसती सुन्न वावरत होते, आणि त्यातच प्लास्टिकच्या दिवशी ओला कचरा खाली ठेवून आले. इथे एक वेळ खून पचेल, पण हे नाही!

तीच पिशवी घेऊन खालच्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या. वय नव्वदीच्या घरात, कचऱ्याच्या बाबतीत साक्षात जमदग्नी. मी बोलणी खायला तयार झाले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहून काय झालं ते विचारलं आणि ऐकून एवढंच म्हणाल्या, "क्योदात्सु."

हा शब्द मुळात डॉक्टरांचा, त्राण गेलेल्या रोग्यासाठीचा. युद्ध हरल्याचं रेडिओवर ऐकलं आणि तो अख्ख्या देशाला लागू झाला. आजी तेव्हा लहान होत्या. त्यांची आई रिकामं पातेलं धरून जळक्या गल्लीत बसली होती, हाकेला ओ देईना.

"मग?"

"मी भुकेनं रडायला लागले. तिनं उठून चूल पेटवली. हात आधी उठले, ती मागाहून."

अख्खा देश असा बसला होता आणि असाच उठला! मी थक्क होऊन ऐकत राहिले.

"उद्यापासून जाळी तू सांभाळ," आजी म्हणाल्या. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून कचऱ्यावर घालतात, ती जाळी. मी मुकाट्याने सांभाळू लागले.

दहाव्याला दुपारी गाडी कचरा घेऊन गेली. मी जाळी घडी करत असताना भावाचा फोन आला.

"ताई, कावळा शिवत नाहीये गं. आम्ही सगळं कबूल करून थकलो. आता तूच काहीतरी बोल."

मी फोन तसाच धरून वर गेले, दहीभाताचा गोळा खाली आणून कचऱ्याजवळच्या कठड्यावर ठेवला. इथे कावळ्याला खायला घालणं म्हणजे अख्ख्या इमारतीशी वैर. आजी झाडू घेऊन येताना दिसल्या. आता संपलं, असं वाटलं. पण त्या भाताकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

तारेवरचा कावळा खाली उतरला.

"बाबा, मी येऊ शकले नाही हो," एवढंच तोंडून निघालं. त्यानं घास उचलला.

"ताई? काय झालं?"

"शिवला," मी म्हटलं आणि तिथेच फतकल मारून ढसाढसा रडले.

आजींनी मला पोटभर रडू दिलं. मग झाडू माझ्या हातात दिला.