दगडाले नजर नसते

दहेगाववाली बाई कोणतीही वस्तू हातात घेऊन तिचं वजन सांगायची. भोपळा, शेळीचं पिल्लू, पाण्याची कळशी, काहीही. "सव्वातीन शेर," म्हणायची, आणि काट्यावर घातलं की तेवढंच भरायचं. पुढे शेर गेले, किलो आले. ते तिला अखेरपर्यंत पटले नाहीत.

ती माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. दहेगावला दिली होती. मूलबाळ व्हायच्या आधीच नवरा गेला, म्हणून राळेगावजवळच्या आमच्या गावी भावाकडे परत आली. गाव तिला दहेगाववाली म्हणायचं, मी नुसतं 'बाई'. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी शेतात कापूस तोलायचं काम तिचं. तीन बल्ल्या उभ्या करून त्यांना काटा टांगायचा, एका पारड्यात वजन, एका पारड्यात गाठोडं. तिनं तोललेल्यावर कुठल्या वेचणारीनं वाद घातल्याचं मला आठवत नाही.

बोलायची मोजकं, पण मनात आलेलं गिळायची नाही. "पोटात ठेवलेलं बोलनं नासते," असं म्हणायची.

माझा पहिला मुलगा झाला तेव्हा मी अठरा वर्षांची होते. बारशाला घर बायकांनी भरलं होतं आणि बाई चुलीपाशी पुऱ्या तळत होती. विधवेनं, त्यातही बिनलेकराच्या, पाळण्याला हात लावायचा नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. पुढे तीन महिन्यांत तिनं माझ्या मुलाला एकदाही मांडीवर घेतलं नाही. ते तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. यायला हवं होतं.

वेचणी सुरू झाली आणि मी मुलाला घेऊन शेतात जाऊ लागले. निघण्यापूर्वी सासूबाई मोहरीएवढी काळी गोळी दुधात उगाळून त्याला चाटवायच्या. बाळगोळी. वेचणीला जाणाऱ्या बहुतेक घरांत ती असायची, आणि तिच्यात अफू असते हेही सगळ्यांना ठाऊक होतं. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला झोळी टांगायची, की मूल दिवस कलेपर्यंत निजून. "मोठं गुनाचं लेकरू," बायका म्हणायच्या. मलाही ते सोयीचंच होतं. हात मोकळे राहत.

झोळी बांधायचं काम तेवढं बाईकडे होतं. मूल तिच्या वाट्याला नव्हतं, दोरी होती. एका दुपारी दोरी आवळता आवळता तिनं फांदीकडे पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाली, "वयनी, लेकरू हलकं होऊन राह्यलं. पयले फांदी वाकत होती, आता वाकत नाई."

सासूबाईंनी ओटीतला कापूस तसाच सोडला. "बाई, तोंड आवरा. ज्याले लेकरू नाई, त्यानं लोकाच्या लेकराचं वजन काढू नये."

बाईनं दोरीची गाठ पक्की केली. संध्याकाळी सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. कुणाची नजर उतरवली ते बाईलाही समजलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई दूरच्या तासात कापूस वेचत असताना बाईनं मला काट्यापाशी बोलावलं. "लेकरू पारड्यात टाक."

मी मागे सरले. लेकरू तागडीत घालू नये, त्याचं आयुष्य तोललं जातं, असं आमच्याकडे मानत. "बाई, काही झालं तं?"

"झालं तं माह्या नावावर. तसंही सारं माह्याच नावावर हाये." मग हळू आवाजात, "सूनबाई, तू माय हायेस. तू नाई म्हनशीन तं मी नाई करत."

मी मुलाला पारड्यात ठेवलं. मूल जागं झालं नाही. बाईनं धुऱ्यावरचे चार-पाच दगड हातात खेळवले, एक काळा दगड उचलला आणि दुसऱ्या पारड्यात ठेवला. काटा मधोमध थांबला. तो दगड तिनं पदरात गुंडाळून घरी नेला. मधल्या दिवसांत गोळीची शंका मनात आली, तरी मी ती बंद केली नाही. सासूबाईंना नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

आठव्या दिवशी संध्याकाळी कापूस तोलून झाला. सासरे, सासूबाई, आम्ही सगळे तिथेच होतो. बाईनं तोच दगड पारड्यात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि मुलाला समोरच्या पारड्यात ठेवलं.

दगडाचं पारडं जमिनीला टेकलं. मुलाचं वर गेलं आणि वरच राहिलं.

"मी काई बोलत नाई, वयनी," बाई म्हणाली. "माह्या तोंडाले नजर असन. दगडाले तं नसते ना?"

सासरे उठून बैल जुंपायला गेले. राळेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मुलाच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि विचारलं, "याला काय देता?" मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी कमरेची पुडी सोडली आणि टेबलावर ठेवली. निजलेलं मूल दूध मागत नाही, एवढी साधी गोष्ट होती. आम्हा दोघींनाही ती दिसली नव्हती. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर उपयोग नव्हता.

गोळी सुटल्यावर मूल तीन दिवस असं रडलं, की शेजारीण विचारायला आली. "रडू दे," बाई म्हणाली, "भूक लागली त्याले. आता दुधासाठी बाजारच मांडन पाह्य." पुढे दर आठवड्याला ती त्याला त्याच दगडाशी तोलायची. ज्या दिवशी दगड वर गेला, त्या दिवशी ती मोठा दगड शोधायला धुऱ्यावर गेली.

दुसऱ्या मुलाच्या बारशाला सासूबाईंनी चुलीपाशी जाऊन तिला हाताला धरून आणलं. "बाई, आधी तुमच्या हातात. किती शेर हाये ते सांगा." बायकांतली एक मुद्दाम खोकली. सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "खोकला झाला असन तं अंगनात जाय वं." बाईचे हात पिठाचे होते. ते तिनं किती वेळ पुसले!

पुढे काही वर्षांनी बाई आजारी पडली. आंघोळीला मी तिला उचलून न्यायची. एकदा म्हणाली, "किती भरलो वं?"

"होत्या तेवढ्याच."

"लेकराच्या येळी मी खोटं बोललो होतो का? मंग तू कायले बोलतं?"

मी तिला पाटावर बसवलं. "निम्म्या राहिल्या, बाई. उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"हां," ती म्हणाली, "आता बरोबर तोललं." महिनाभरात ती गेली.

आज गल्लीत एखादं मूल मला जास्तच गुणाचं वाटलं, की मी त्याच्या आजीला जाऊन सांगते, याला तोलून पाहा. राग येतो, येऊ दे. बाईचा तो काळा दगड माझ्या दाराला टेकण म्हणून लावलेला आहे. थोरला मुलगा येता-जाता त्याला ठेचकाळतो आणि म्हणतो, "आई, हा धोंडा फेकत काहून नाहीस?"

मी त्याला सांगते, तू एवढा होतास, त्याहूनही हलका.