घरात घालायचे बूट

कारखान्यातली नोकरी सोडून मी घरी बसून भाषांतरं करणार, असं सगळ्यांना सांगितलं. त्यातलं 'घरी बसून' तेवढं लोकांना ऐकू आलं. नव्वदच्या दशकातलं, कन्नड मुलखातलं जयनगर ते. पुरुषमाणूस सकाळी डबा घेऊन निघायचा आणि दिवेलागणीला परतायचा. भरदुपारी लुंगीत दिसला, की तो आजारी तरी असायचा, नाहीतर नोकरीवरून काढलेला तरी.

आमच्याच शहरातल्या शिवाजीनगरचा एक पंपवाला आपले पंप महाराष्ट्रात विकायला निघाला होता. पंपासोबत द्यायच्या माहितीपुस्तिका त्याला मराठीत हव्या होत्या. पहिली आवडली तर पुढच्या सगळ्या माझ्या, असं तो म्हणाला आणि एवढ्याशा भरवशावर मी राजीनामा देऊन मोकळा झालो. म्हणजे माझी सगळी अब्रू त्या पुस्तिकेत.

पण लिहू कधी?

"अहो, घरीच आहात तर गॅसवाला आला की दार उघडा."

"अहो, नुसतेच बसलाय तर कुकरकडे लक्ष ठेवा."

शेजारच्या अक्कांची तर गोष्टच वेगळी. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपासून इथलं, बोलण्यात मराठीइतकंच कन्नड. गल्लीत फोन फक्त आमच्याकडे. के. आर. पुरमला दिलेल्या त्यांच्या लेकीचा फोन आमच्याच घरी यायचा. "अण्णा, स्वल्प सरका," म्हणत त्या माझ्या टेबलाशी स्टूल ओढायच्या आणि फोन येईपर्यंत लेकीच्या सासूचे प्रताप ऐकवायच्या. मी 'झडप उघडण्यापूर्वी' या दोन शब्दांवर अख्खी सकाळ अडकून.

शेवटी मला युक्ती सुचली. बूट! घरात बूट घालून बसलेला माणूस ऑफिसातच आहे, हे कुणालाही कळेल.

बायकोनं कपाळाला हात लावला. "देवासमोरून बूट घालून हिंडणार?"

बरीच हुज्जत झाल्यावर तह झाला. बूट कोरे, रस्त्याला कधी न लागलेले. आणि पायांखाली वर्तमानपत्र. फोन मी बाहेरच्या खोलीत हलवला आणि सगळ्यांना बजावलं, "पायात बूट आहेत तोवर मी घरी नाही, ऑफिसला गेलोय. कुणीही विचारलं तरी हेच सांगायचं."

"सरी, तसंच सांगते," अक्का म्हणाल्या. त्यांना माझ्या डोक्याची काळजी वाटली असावी.

पण जमलं की हो! पुस्तिका पुरी झाली. मी ती नेऊन दिली. "वाचून फोन करतो," पंपवाला म्हणाला. तो आठवडा तरी घेईल अशी माझी समजूत.

दुसऱ्याच दिवशी दुपारी बायको बाजारात गेली होती. मी बूट घालून, दार लावून शब्दकोश चाळत होतो. बाहेर फोन वाजला. अक्का येऊन बसलेल्याच होत्या, म्हणजे फोन लेकीचाच असणार. मी उठलो नाही. नियम म्हणजे नियम.

संध्याकाळी बाहेर आलो तर अक्का म्हणाल्या, "अण्णा, शिवाजीनगरहून कुणी तुम्हाला विचारत होतं. मी सांगितलं, ऑफिसला गेलेत, सहानंतर करा."

"अहो अक्का, मी आतच होतो!"

"बूट होते ना पायात?"

मी तसाच बस पकडायला धावलो. पंपवाला दुकान आवरत होता.

"तुम्ही तर नोकरी सोडली म्हणाला होतात. घरचे सांगतात ऑफिसला गेलेत. मला घाई होती. पुढच्या पुस्तिका दुसऱ्याला दिल्या."

मी त्याला बुटांची सगळी हकीगत सांगितली. सांगताना माझी मलाच ती पटेना. तो टेबलावरून वाकला आणि माझ्या पायांकडे बघत राहिला.

"हेच का ते?"

मीही खाली पाहिलं. कोऱ्या बुटांवर शिवाजीनगरचा चिखल.

"बघू पुढं कधीतरी," तो म्हणाला. हसला असता तरी बरं वाटलं असतं.

घरी आलो तर बायको दारातच उभी. तिनं आधी बूट पाहिले, मग माझा चेहरा. "ते बाहेरच काढा," एवढंच म्हणाली. "आता ते रस्त्याचे झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी अनवाणी बसलो. समोर शब्दकोश, हाताला काम नाही. अक्कांनी दारातून डोकावून माझे पाय पाहिले.

"अण्णा, आज ऑफिसला सुट्टी?"

"हो."

"बरं झालं बाई," म्हणत त्यांनी स्टूल ओढलं. "तिच्या सासूनं काल काय केलं, सांगते ऐका."