आज सुनेला बारबेल शिकवताना

मंडळी, आज सकाळी आमच्या दौंडच्या घरी सुनेनं मागवलेला बारबेल आला. तिनं लगेच दोन्ही बाजूंना वजनं चढवली.

मी म्हटलं, "थांब गं. आधी नुसता दांडा घे. आज बैठका आन् खांद्यावरून वर ढकलायचं. उद्या आराम. परवा जमिनीवरून उचलायचं. अंग सरावलं की मग थोडंथोडं वजन वाढव."

तिनं वजनं काढता काढता विचारलं, "आई, तुम्हाला हे कसं ठाऊक?"

सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन इथं आले, तेव्हा आमच्या ह्यांनी लोखंडी पाइप आणि सिमेंटची चाकं ओतून घरीच बारबेल केला होता. सासूबाई शेतावर गेल्या की दार लोटून मला शिकवायचे.

मी म्हणायची, "अहो, लोक काय म्हणतील?"

"लोकांना कशाला सांगायचं? तू पाठ ताठ ठिव."

आता ते नाहीत.

आज मीही सुनेचा रिकामा दांडा खांद्यावर घेऊन एक बैठक मारली. उठताना गुडघा डगमगला आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, धरा!"

सुनेनं धावत येऊन धरलं. मला मात्र रडू आवरेना.

तुमच्याही ओठांवर अशी एखादी हाक अजून राहिलीय का?