वंदनाचे तळवे

भीतीचं काम करणाऱ्यांकडे किस्से भराभर साचतात. हसल्याशिवाय पुढच्या गावात पाऊलच पडत नाही ना! आमच्या जीपमध्ये आम्ही तिघं: रक्त काढणारी नर्स वंदना, ड्रायव्हर रफिकभाई आणि लोकांना समजावून सांगणारा मी. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या गावांत फिरून त्वचेच्या कॅन्सरच्या पेशंटचं आणि त्यांच्या नातेवाइकांचं रक्त गोळा करायचं, हे आमचं काम.

माझं भाषण ठरलेलं. अंगात पहारा देणाऱ्या पेशी असतात. बिघडलेली पेशी ओळखायला त्यांच्यावर रिसेप्टर असतात. ते घडवणारी जीन्स माणसागणिक वेगळी, म्हणून कोणाचा पहारा कच्चा पडतो का, ते तपासायचं. आणि पायाच्या तळव्यावर काळा डाग दिसला तर लपवू नका.

चिमूरकडच्या एका म्हाताऱ्यानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "पहारेकरी तं जंगलातबी हायेत, भाऊ. वाघ गावात येतेच ना?" लोक हसले, मीही हसलो. त्याच्या शेजारची बाई वाघानं नेली होती, हे नंतर कळलं. पुढच्या गावात मी पहाऱ्याचं नावच काढलं नाही.

रफिकभाईंनी ते भाषण इतक्यांदा ऐकलं की एक दिवस भर रस्त्यात जीप थांबवून त्यांनी बूट काढला. टाचेवर काळा डाग! चेहरा पांढराफटक. "वंदनाबाई, मले झालं. माह्या पोरीचं लग्न राह्यलं." वंदनानं स्पिरिटचा बोळा घासला. डांबर होतं. "निघाला तुमचा कॅन्सर," ती म्हणाली. हसून हसून पोट दुखलं. पण त्या संध्याकाळी मीसुद्धा दार लावून स्वतःचे तळवे तपासले.

वंदना मात्र स्वतःचे तळवे कधीच बघत नाही. तिच्या वडिलांच्या टाचेखाली काळा ठिपका आला होता. काटा मोडला असेल म्हणून ते ब्लेडनं कोरत राहिले, आणि दवाखान्यात पोचले तेव्हा उशीर झाला होता. का बघत नाहीस, असं एकदा मी तिला विचारलं. "काऊन पाहू?" ती म्हणाली. "पाह्यलं नाई तवर नाई."

एकदा तिनं जीपमधूनच आमच्या कामावरच्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, एक पेशंट विचारून राह्यली. बापाले होता तं लेकीले होईलच का?"

"नुसत्या जीन्सवरून काही ठरत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्या पेशंटला आधी पाय बघायला सांगा."

रफिकभाई आणि मी बाहेर बघत बसलो. बाहेर साग होता, दुसरं काय असणार.

मग भामरागडच्या पुढचं एक गाव. तिथली एक गोंड आजी लंगडत होती, पायाला चिंधी. डाग चिघळलाय, असं तिचा मुलगा सांगत होता, पण आजी चिंधी सोडू देईना. वंदना समोर बसली. "दाखव ना, आजी. वेळेवर पाह्यलं तं माणूस वाचते."

आजीला मोडकंतोडकं मराठी येत होतं. "तू दाखव पैलं."

मला वाटलं, वंदना आता उठून जीपमध्ये जाऊन बसणार. पण तिनं हळूहळू मोजे काढले, तोंड फिरवलं आणि डोळे मिटले.

आजीनं तिचे पाय मांडीवर ओढून घेतले. एक पाहिला. दुसरा पाहिला. त्या टाचेवर अंगठा ठेवून बराच वेळ बसून राहिली.

"काय हाय, आजी?" वंदनानं डोळे न उघडता विचारलं.

आजी स्वतःच्या पायाची चिंधी सोडायला लागली.

"चाल बाई," ती म्हणाली. "दवाखान्यात दोघी संगं जाऊ."