मीनाला येतो तो फोन

मंडळी, आज मला एका फोनचा हेवा वाटला. हसा खुशाल.

मला आणि माझ्या धाकट्या जावेला, मीनाला, दोघींनाही शुगर आहे. तारनाक्याच्या एका दवाखान्यात अभ्यास चालू आहे, वजन वाढू दिलं नाही तर डोळे, किडनी, पाय वाचतात का म्हणून. आम्ही दोघींनी नाव दिलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पडले. मीनाला दर आठवड्याला दवाखान्यातल्या एका मुलीचा फोन येतो, खाणंपिणं विचारून लिहून घ्यायला. मला नुसतं काय खावं याचं एक पत्रक मिळालं.

आज संध्याकाळी मी चपात्या लाटत होते आणि मीना सोफ्यावर, फोन स्पीकरवर.

"मीनाजी, आज क्या खाए? नींद हुई?"

किती मायेनं विचारते हो ती. मला घरात सगळे विचारतात, आज जेवायला काय आहे. तू काय जेवलीस, हे कुणीच नाही.

मला राहवलं नाही. तिथूनच ओरडले, "मैं कल का भात खाई. और मेरे तलवे जलते."

फोनवरची मुलगी म्हणाली, "आंटी, आप दूसरे ग्रुप में हैं ना? आपका खाना मैं नै लिख सकती. तलवे जलते बोलके डॉक्टर साब को आज के आज बताती."

मीनानं फोन ठेवला. "अक्का, कधीपासून जळतात?"

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या आठवड्यातही फोन तिलाच येणार.

तुमच्या घरात स्वयंपाक करणारीला कुणी विचारतं का, तू काय जेवलीस?