साईनाथचे दोन डबे

शहापूरच्या बाजारात साईनाथ जळालेल्या मोटरी भरून देतो. पाण्याचा पंप असो की पिठाची गिरणी, आतली काळी पडलेली तांब्याची तार उपटायची आणि नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. हात चालू, तोंड बंद. असा माणूस गाणं ऐकायच्या यंत्रापायी वेडा होईल असं कोणी म्हटलं असतं, तर पहिली त्याची बायको नम्रताच हसली असती. पण तिला हसायची सवड मिळाली नाही. दिवाळीनंतर शेणवे गावातल्या त्यांच्या घरात तारा, फळ्या आणि उघडी यंत्रं अशी पसरली की पाय ठेवायला जागा उरली नाही.

या वेडाचं मूळ होतं साईनाथची आई. सकुबाई धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. मांडव उभा राहिल्यापासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत जागोजाग धवला लागतो, आणि धवल्याला दोघी लागतात. एकीनं विचारायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं. विचारणारी सकुबाई आणि उत्तर देणारी शेजारघरची मंगळी. दोघींचे केस पिकले तरी जोडी फुटली नव्हती. गेल्या पावसाळ्यात मंगळी तापाचं निमित्त होऊन गेली आणि सकुबाईचं गाणं तिच्याबरोबर गेलं.

टोकावड्याच्या भाचीचं, सारिकाचं लग्न ठरलं तेव्हा पोर स्वतः बोलवायला आली. "मामी, धवला तुमीच म्हनायचा," म्हणाली. सकुबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मी इचारीन गो, पन उत्तर कोन दील? भिताड?" सारिका डोळे पुसत परत गेली. तिच्या हळदीला डीजे ठरलेलाच होता. आजकाल तो नसेल तर हळद चढतच नाही म्हणे, आणि असला की घरावरचे पत्रेसुद्धा नाचतात. पण पत्रे नाचले म्हणून लग्न लागत नाही, हे म्हाताऱ्यांना कळतं आणि तरुणांना लग्न झाल्यावर कळतं.

आई गात नाही हे साईनाथला सोसेना. तो धवल्यांच्या आवाजावरच लहानाचा मोठा झाला होता.

घरात एक जुनी कॅसेट होती. साईनाथच्या लग्नाआधी मुंबईच्या दोन बाया धवले गोळा करत फिरत होत्या. त्यांनी सकुबाई आणि मंगळीला ओटीवर बसवलं, दोघींपुढे एकेक माईक ठेवला आणि दुपारभर गायला लावलं. पुढे कॅसेट पाठवून दिली. घरातल्या टू-इन-वनवर लावली तर नुसती सकुबाई. मंगळीचा पत्ता नाही. "माजा माईकच बंद व्हता वाटतं," असं म्हणून मंगळी हसली, पण मग चार दिवस या घरी चहाला आली नाही. त्या टू-इन-वनचा एक स्पीकर विकत घेतल्यापासून मुका होता. एक वाजतोय ना, मग झालं, असा आपल्याकडचा हिशेब.

साईनाथनं ठरवलं, आईला तिचा आवाज एकदा चांगला ऐकवायचा. ओटीवर बसून गातेय असा. तो कानावर पडला तर तिला आपोआप कंठ फुटेल, असं त्याच्या मनानं घेतलं.

नवं यंत्र घ्यायची ऐपत नव्हती. पण दुधाची तहान ताकावर भागवायची नाही, हेही त्यानं पक्कं केलं होतं. भंगारवाल्याकडे एक जुना, वजनदार ॲम्प्लिफायर धूळ खात पडला होता. ट्रान्सफॉर्मर जळालेला, म्हणून कोणी हात लावत नव्हतं. साईनाथला मात्र तो सोललेला नारळ वाटला. फोडायचा आणि खायचा. ट्रान्सफॉर्मर म्हणजे शेवटी तारेचं भेंडोळं. त्यानं तो दुकानात नव्यानं भरला. कॅसेट वाजवायचा डेक कल्याणहून आला. मोठे स्पीकर मांडववाल्या वाल्मिकनं दिले, बारीक आवाजाचे छोटे हायवेवर मोडीत निघालेल्या एका गाडीतून निघाले. एका मोडलेल्या दुकानाच्या काउंटरचा जाड प्लाय कापून दोन डबे झाले. डब्यात आवाज घुमू लागला तेव्हा त्यानं नम्रताच्या माहेरची उशी फाडून तिच्यातला सावरीचा कापूस आत भरला. त्या उशीवरून घरात जे झालं ते इथं सांगण्यासारखं नाही.

वाल्मिक ऐकायला आला. साईनाथ तरुणपणी त्याच्याच हाताखाली मांडवात स्पीकर लावायला जात असे. वाल्मिकनं छातीवर हात ठेवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "साफ हाय रे, पन धपका नाय."

"धवल्यात धपका कुठं असतो?" साईनाथ म्हणाला.

रविवारी सकाळी त्यानं आईला खाटेवर बसवलं, समोर दोन बाजूंना दोन डबे ठेवले आणि कॅसेट लावली. सकुबाईचा तरणा आवाज घरात उतरला. श्वास घेतलेला कळत होता, बांगडी वाजलेली कळत होती. "मांडवाच्या दारी कोन गो उभी?" मग थोडी शांतता. "तिच्या ओटीत काय गो भरू?" पुन्हा शांतता. नम्रता स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि उशी विसरली.

सकुबाई मात्र खाली बघत बसली. म्हणाली, "आवाज ब्येस हाय. पन बाबा, ही नुसती इचारत बसलीय. येड्यावानी. बंद कर ते."

साईनाथचा चेहरा उतरला. एवढा खटाटोप केला आणि आईच्या जखमेवरची खपली तेवढी काढली. तो बटणाकडे हात नेणार, तोच नम्रता म्हणाली, "थांबा जरा. मधे त्या थांबतात तवा कोन बोलतंय?"

तिघांनी कान दिले. एका प्रश्नानंतरच्या शांततेत, लांब शेताच्या बांधावरून यावं तसं, कोणीतरी गात होतं. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. सकुबाईच्या माईकनं शेजारच्या बाईचा आवाज चोरून उचलला होता आणि टू-इन-वनवर तो कधी ऐकूच आला नव्हता.

म्हणजे मंगळी गायली होती. माईक बंद नव्हता. मग घोडं कुठं पेंड खातंय? साईनाथ ॲम्प्लिफायरच्या मागं वाकला आणि त्यानं कपाळावर हात मारला. मांडवात डबे दहा असोत की वीस, सगळे एकाच तारेला ओवायचे. अर्ध्या वऱ्हाडानं अर्धं गाणं ऐकून कसं चालेल? त्याच सवयीनं त्यानं दोन्ही डबे डाव्या बाजूच्या तारेला जोडले होते. उजवी भोकं जादाची समजून रिकामीच ठेवली होती, आणि मंगळीचा माईक कॅसेटवर भरला गेला होता तो नेमका उजव्या बाजूला.

त्यानं उजव्या डब्याची तार सोडवली आणि त्या उजव्या भोकांत लावली. कॅसेट थोडी मागं घेतली.

"मांडवाच्या दारी कोन गो उभी?" डावीकडून सकुबाईनं विचारलं.

"उंबराची डहाळी, लेक गो उभी," उजवीकडून मंगळीनं उत्तर दिलं. अगदी तिच्या घोगऱ्या, ठसक्याच्या आवाजात, जशी हाताच्या अंतरावर बसलीय.

सकुबाईनं मान उजवीकडे वळवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही. प्रश्नामागून उत्तर येत राहिलं. साईनाथला वाटलं, आपण केलं ते बरं केलं की वाईट, कोण जाणे. आईला इतकी रडताना त्यानं मंगळीच्या दिवसकार्यातही पाहिलं नव्हतं.

धवला संपल्यावर सकुबाईनं डाव्या डब्याकडे बोट दाखवलं. "तो माजा हाय ना? तो बंद करता येतो?"

"येतो की." साईनाथनं एक गोल बटण फिरवत फिरवत उजवीकडच्या टोकाला नेलं. "आता नुसती मंगळीमावशी ऐकू यील. पन का गो आये?"

"मी हाय ना इथं. मला कशाला डब्यात ठेवतोस?"

कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लागली. डावा डबा गप्प होता. सकुबाईनं पदर सावरला आणि विचारलं, "मांडवाच्या दारी कोन गो उभी?" आवाज चिरका निघाला. पण मंगळीनं वेळेवर उत्तर दिलं. दुसऱ्या प्रश्नाला आवाज मोकळा झाला. तिसऱ्याला शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली.

गाणं थांबलं तेव्हा सकुबाईनं नम्रताकडे पाणी मागितलं, सावकाश प्याली आणि साईनाथला म्हणाली, "टोकावड्याला फोन लाव. सारिकाला सांग, आमी दोघी येतो."